कौटुंबिक मालिका : आधी गोष्ट की आधी संदेश?

दूरचित्रवाणीवरची एखादी कौटुंबिक मालिका गाजू लागली की तिच्याविषयी दोन मते हमखास ऐकू येतात. ‘गोष्ट छान आहे, उगाच प्रचार नाही’ हे एक. ‘विषय चांगला आहे, पण भाषणेच फार’ हे दुसरे. वरवर ही मते वेगळी दिसली तरी दोन्हींच्या तळाशी निकष एकच आहे : गोष्ट आधी असावी, राजकीय संदेश नंतर. हा निकष आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. दलित लेखकाने लेखणी हाती घेतली तेव्हापासून त्याच्या लेखनावर ‘प्रचारकी’ असा शिक्का मारण्यासाठी प्रस्थापित समीक्षेने हाच निकष वापरला. साहजिकच चळवळीतील पुष्कळांना हा प्रश्नच नकोसा वाटतो. ‘संदेश आपला आहे ना, मग कलेची चर्चा हवी कशाला?’ असे म्हणून ते मोकळे होतात.

मला ही पळवाट मान्य नाही. मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या घरात पदवी माझ्यापासून सुरू झाली. टीव्ही त्याच्या कितीतरी आधी आला होता. माझ्या आईने कादंबरी वाचली नाही, परंतु मालिकांतील सुनांच्या तीन पिढ्या तिला तोंडपाठ आहेत. वस्तीत पुस्तक पोचत नाही तेथे रात्री आठची मालिका पोचते. मग ती कोणत्या वाटेने माणसाच्या मनात शिरते, हे तपासण्याचे काम आपण ‘कलावाद्यांचे काम’ म्हणून सोडून द्यावे काय? प्रश्न खरा आहे. तो विचारण्याची रीत मात्र बदलली पाहिजे.

प्रथम एक जुने उदाहरण घेऊ. ‘हम लोग’ ही दूरदर्शनची मालिका ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८५ रोजी संपली. दीडशेहून अधिक भाग झाले. ती माझ्या जन्माआधीची. मी तिचे भाग नंतर पाहिले. भारतातील दूरचित्रवाणीवरचे पहिले मोठे कौटुंबिक नाट्य म्हणून तिचे नाव घेतले जाते. परंतु तिचा जन्म गोष्ट सांगण्याच्या हौसेतून झाला नव्हता. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे १९८२ च्या सुमारास मेक्सिकोला गेले होते. तेथे मिगेल साबिदो या निर्मात्याने साक्षरता, कुटुंबनियोजन अशा विषयांवर रोजच्या मालिका रचल्या होत्या. साबिदोचे तंत्र ठरलेले होते. काही पात्रे आदर्श, काही वाईट वळणाची आणि काही या दोहोंमध्ये हेलकावे खाणारी. प्रेक्षकाने त्या तिसऱ्या पात्राचा हात धरून चांगल्याकडे यावे, ही अपेक्षा. भारतात मनोहर श्याम जोशी यांनी लेखन केले, पी. कुमार वासुदेव यांनी दिग्दर्शन केले आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोक कुमार येऊन दोन शब्द सांगू लागले.

पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका ठासून भरला होता की प्रेक्षक कंटाळले. मग उपदेश पातळ करण्यात आला आणि दारूडा बसेसर राम, सोसणारी भागवंती, नोकरीच्या शोधातला लल्लू, समाजसेवेत रमलेली बडकी, सिनेमाच्या ओढीने मुंबईला येऊन फसणारी मझली, डॉक्टर होऊ पाहणारी छुटकी ही माणसे पुढे आली. देश त्यांच्याशी बोलू लागला. पत्रांचा पाऊस पडला. म्हणजे गोष्ट आधी ठेवल्यावर मालिका यशस्वी झाली, असे म्हणून येथे थांबता येईल. पण पुढची हकीकत अधिक बोलकी आहे.

भागवंती हे पात्र बाईने मुकाट सोसू नये हे दाखविण्यासाठी योजलेले होते. मालिकेचा अभ्यास झाला तेव्हा असे आढळले की कितीतरी प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. नवऱ्याचा मार, सासूची बोलणी निमूट सोसून घर धरून ठेवणारी बाई त्यांना पूज्य वाटली. अमेरिकेतही असेच घडले होते. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेत आर्ची बंकर हा काळ्यांविषयी, परक्यांविषयी बेताल बोलणारा गोरा कामगार होता. निर्माते नॉर्मन लिअर यांना त्याच्या वंशद्वेषाची टर उडवायची होती. परंतु १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले की ज्यांच्या मनात द्वेष होता त्यांना आर्ची आपलाच माणूस वाटत होता.

यातून एक धडा घेतला पाहिजे. लेखकाच्या मनातला संदेश आणि गोष्टीतून प्रत्यक्ष पोचणारा संदेश एक असतीलच असे नाही. भागवंतीचे सोसणे वाया जाते असे अशोक कुमार शेवटी सांगत होते. गोष्ट मात्र तिच्या सोसण्याभोवती माया आणि अश्रू गोळा करीत होती. माणूस अश्रूंच्या बाजूने जातो. म्हणून ‘मालिकेचा संदेश काय?’ असे विचारून काहीच हाती लागत नाही. मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरविले आहेत. ते येथे मांडते.

पहिला प्रश्न : संदेश कोण बोलतो, आणि त्या बोलण्याची किंमत कोण मोजतो? पात्राच्या तोंडी समतेचे वाक्य असले आणि ते बोलल्यामुळे त्याच्या आयुष्यातला एक पेलाही हलत नसला, तर ते भाषण होय. ते वाक्य उच्चारल्यावर घर तुटते, नोकरी जाते, नाते दुखावते, तेव्हा ती गोष्ट होते.

दुसरा प्रश्न : विरोधी बाजूला स्वतःचे कारण आहे काय? दुष्ट सावकार, खाष्ट सासू, ढोंगी भटजी एवढीच माणसे समोर असतील तर त्यांना हरविण्यात कसले शौर्य? रूढी टिकते ती दुष्टांमुळे कमी आणि चांगल्या, भित्र्या, प्रेमळ माणसांमुळे जास्त. हे ज्या मालिकेला कळले नाही तिला रूढी कळली नाही.

तिसरा प्रश्न : न बोलता काय सांगितले जाते? या प्रश्नाकडे आपले सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून त्यापासूनच सुरुवात करू.

मराठीतील गाजलेल्या कौटुंबिक मालिकांची घराणी आठवून पाहा. ‘चार दिवस सासूचे’मध्ये देशमुख. ‘अग्निहोत्र’मध्ये नाशिकच्या वाड्यातले अग्निहोत्री. ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये गोखले. ‘आई कुठे काय करते’मध्ये पुन्हा देशमुख. या मालिकांना कोणी राजकीय म्हणत नाही. त्यांत गोष्ट आधी आणि संदेश नाहीच, असा सर्वसाधारण समज आहे. पण ‘महाराष्ट्रातले कुटुंब’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर कोणते आडनाव, कोणते देवघर, कोणता स्वयंपाक यावा हे वर्षानुवर्षे रोज रात्री ठसविणे याला काय म्हणावे? ज्या संदेशासाठी एकही वाक्य खर्च करावे लागत नाही, तो सर्वांत मुरलेला संदेश असतो.

वर्गात मी एक प्रयोग करते. कोणत्याही कौटुंबिक मालिकेचा एक भाग आवाज बंद करून दाखविते आणि मुलांना दिसेल ते टिपायला सांगते. भिंतीवर काय आहे, सोफ्यावर कोण बसते, दाराशी कोण उभे राहते, जेवायला कोण वाढते. नंतर तोच भाग आवाजासह दाखविते. एकदा अशा तासाला एका मुलीने विचारले, “मॅडम, ही कामवाली मावशी राहते कुठे? एवढे भाग झाले, तिचं घर काही दाखवलं नाही.” तिची स्वतःची आई मुलुंडच्या इमारतींत धुणीभांडी करते. तिला सगळे नावाने ओळखतात. मालिकेतल्या मावशीप्रमाणेच तिलाही आडनाव लागत नाही. वर्ग क्षणभर गप्प झाला. त्या भागात राजकारणाचा एक शब्द नव्हता, आणि तरी कोणाचे घर ‘कुटुंब’ आणि कोणाचे घर कथेबाहेर, हा निवाडा झालेला होता. विशेष म्हणजे हे सारे उभे राहते ते गोरेगाव-अंधेरीपासून घोडबंदरपर्यंतच्या स्टुडिओंत. तेथे सेट ठोकणारी, दिवे उचलणारी, चहा फिरविणारी मुले आपल्याच वस्त्यांतली असतात. ती घर बांधतात. घरात त्यांना जागा नसते.

याचा अर्थ या मालिका टाकाऊ आहेत असा कोणी घेऊ नये. ‘आई कुठे काय करते’ ही २०१९ ते २०२४ अशी सुमारे पाच वर्षे चालली. बंगाली मालिकेवरून बेतलेल्या या कथेत मुले मोठी झालेली अरुंधती नवऱ्यापासून फारकत घेते आणि पुन्हा उभी राहते. माझ्या पहिल्या प्रश्नाला ही मालिका पुष्कळ अंशी उतरते. अरुंधतीचा स्वाभिमान तिला घर, सवय आणि जन्मभराची माणसे यांच्या मोलाने मिळतो. वस्तीतल्या बायकांनी ही मालिका उगाच पाहिली नाही. बाईच्या हक्काविषयीचा एक स्पष्ट राजकीय विचार येथे गोष्टीच्या पोटातून आला आणि म्हणून त्याला ‘प्रचारकी’ म्हणण्याचे कोणाला सुचले नाही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र तीही अडखळते. बाई म्हणून अरुंधतीचे दुःख दिसते. तिला वरचे स्थान देणारी जात त्या घरात कधी दिसत नाही.

आता आपल्या घरातल्या मालिकांकडे वळू. तेथे आपली जीभ जड होते, म्हणून तेथेच अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका स्टार प्रवाहवर मे २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये संपली. सागर देशमुख यांनी बाबासाहेबांची भूमिका केली. मराठी मनोरंजन वाहिनीवर रात्रीच्या वेळी हे घर दिसणे हीच मोठी घटना होती. आमच्या चाळीत त्या वेळी घरोघरी तोच आवाज असे. परंतु नावातच एक अडचण आहे. गौरवगाथेचा शेवट आधी ठरलेला असतो. तिचा नायक पाळण्यातच महामानव असतो, आणि महामानवाला शंका येत नाही, राग आवरत नाही असे होत नाही, त्याचे चुकत नाही. तेथे पात्राऐवजी पुतळा बोलू लागण्याचा धोका पावलोपावली असतो. हा धोका चरित्रमालिकेचा एकूणच आहे. आपल्याकडे श्रद्धेमुळे तो वाढतो.

या धोक्यातून वाट कोठे आहे? ती घरात आहे. परळच्या पोयबावाडीतील बी. आय. टी. चाळीतल्या दोन खोल्या पाहा. तेथे चार मुले गेली. त्यांतला राजरत्न १९२६ मध्ये गेला. रमाईंनी पंढरपूरला जाण्याची इच्छा बोलून दाखविली आणि बाबासाहेबांनी ती मानली नाही, हा प्रसंग चरित्रांतून आलेला आहे. जेथे अस्पृश्याला देवळाबाहेर उभे राहावे लागते तेथे जायचे कशाला, ही त्यांची भूमिका. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांसाठी उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये.

कोणतीही मालिका, नाटक किंवा जलसा असो, तो या प्रसंगाचे काय करतो ते पाहावे. संदेश आधी ठेवणारा लेखक रमाईंना लगेच पटवून टाकील. त्या मान डोलावतील, मागे वाद्ये वाजतील आणि देवळाचा त्याग पूर्ण होईल. गोष्ट आधी ठेवणारा लेखक रमाईंच्या इच्छेला तिचे वजन देईल. जन्मभर कष्ट काढलेल्या, लेकरे पुरलेल्या बाईला विठ्ठलाजवळ जावेसे वाटते. तिचा नवरा तिच्यावर जीव लावतो आणि तरीही नाही म्हणतो. दोघेही खरे आहेत. ती गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्यातून प्रेक्षकाला कळते की ज्या देवळाने या नवरा-बायकोच्या मध्ये भिंत घातली ते देऊळ काय लायकीचे आहे. पाहा, येथे गोष्ट पुढे ठेवल्याने संदेश कमी झाला नाही. तो देवळाच्या पायरीपासून थेट घराच्या उंबऱ्यात आला. रमाईंना घाईने पटविणारा लेखक बाबासाहेबांवर उपकार करीत नाही. तो त्यांच्या नकाराची किंमत लपवितो.

दुसरे उदाहरण सोनी मराठीवरील ‘सावित्रीजोती’चे. ही मालिका जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुरेसा प्रेक्षक नाही म्हणून बंद झाली. टाळेबंदीने मध्ये काही महिने चित्रीकरणच थांबले होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पण मला येथे त्या कथेतल्या घराविषयी बोलायचे आहे. १८४८ मध्ये जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८४९ मध्ये वडील गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. म्हाताऱ्या बापाचे लेकावर प्रेम आहे. समाजाची भीती त्याहून मोठी आहे. सासरा, मुलगा, सून, उंबरठा. कौटुंबिक नाट्याला लागणारे सारे सामान येथे आहे. गोविंदरावांना खलपुरुष करण्याची गरजच नाही. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या बापाच्या रूपाने इतिहासानेच लिहून ठेवले आहे.

आता या कथेत गोष्ट कोणती आणि राजकारण कोणते, हे वेगळे करून दाखवा पाहू. शाळा काढून टाकली तर बाप मुलाला घराबाहेर का काढतो हे कळणार नाही. बाप काढून टाकला तर शाळेचे मोल कळणार नाही. असेच एक उदाहरण आमच्या घाटकोपरचे आहे. ११ जुलै १९९७ रोजी माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे पाहून लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्या गल्लीतल्या एका घरावर कोणी मालिका लिहिली, आणि ‘राजकारण नको, फक्त घरची गोष्ट सांगा’ अशी अट घातली, तर लेखकाने घरातले एक माणूस कमी का झाले याचे कारण काय द्यावे? ज्यांच्या उंबऱ्यावर राजकारण पोलिसाच्या किंवा जातपंचाच्या वेषात येत नाही, त्यांनाच गोष्ट आणि राजकारण ही दोन वेगळी कपाटे वाटतात. आपल्या घरात ती एकाच खोलीत राहतात.

एवढे म्हटल्यावर आपला संदेश कसाही सांगितला तरी चालेल, असा परवाना कोणी काढू नये. आपली परंपरा याबाबत फार जागरूक आहे. जोतीरावांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले तेच मुळी एका कुटुंबाचे नाट्य आहे. गरोदर कुणबी बाई, तिचा नवरा आणि ग्रहदशेची भीती घालून त्यांना खर्चात पाडणारा जोशी. संदेश उघड आहे : विद्या घ्या. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही. परंतु फसवणूक कशी होते हे जोतीराव सांगत बसत नाहीत. ती आपल्यासमोर घडू देतात. जोडप्याला भूल पडते ती पोटातल्या लेकराच्या काळजीने, आणि ती काळजी खरी आहे. मधून मधून विदूषक येऊन बोलतो. ‘हम लोग’मधले अशोक कुमार आणि हा विदूषक यांचे काम सारखेच दिसते, पण एक भेद आहे. अशोक कुमार गोष्ट संपल्यावर वडीलधाऱ्याच्या अधिकाराने तात्पर्य सांगतात. विदूषक गोष्ट चालू असतानाच टोचतो, हसवतो, प्रेक्षकाला विचार करायला लावतो. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी हीच रीत चालविली. जलसा ऐकायला आलेला माणूस दिवसभराच्या कामाने शिणलेला असे. तो कंटाळला तर उठून जाई. त्यामुळे जलसाकाराला गोष्ट रंगविणे भागच होते. त्याच्या दृष्टीने रंगविणे हा प्रेक्षकाच्या कष्टांचा मान होता.

वाहिनीचा हिशेब वेगळा असतो. ‘हम लोग’ कुटुंबनियोजनासाठी निघाली आणि तिचे प्रायोजकत्व घेऊन मॅगीचे नूडल्स घरोघर पोचले. आजही मालिकेचे आयुष्य टीआरपी ठरविते, आणि टीआरपीमागे जाहिरात असते. जाहिरातदाराला कोणाचेच मन दुखावलेले परवडत नाही. तेव्हा ‘आम्ही फक्त गोष्ट सांगतो’ असे वाहिनी म्हणते त्यात कलेच्या प्रेमापेक्षा व्यापाराची सावधगिरी अधिक असते. तिला गोष्ट हवी असते, पण कोणाला काही मोजावे न लागणारी.

म्हणून शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. वस्तीत एखाद्या मालिकेवर चर्चा ठेवाल तेव्हा ‘संदेश चांगला की वाईट’ येथून सुरुवात करू नका. तसे विचारले की लोक आपल्याला हवे ते उत्तर देतात आणि घरी जाऊन हवे ते पाहतात. कोणाला रडू आले, कोणाचा राग आला, कोणाचे घर दिसले आणि कोणाचे दिसले नाही, हे विचारा. भागवंती कोणाला का आवडते हे त्या बाईच्या तोंडून ऐका. त्यात तिच्या घरची हकीकत दडलेली असते. आपल्या महापुरुषांवरच्या मालिकेलाही हेच प्रश्न लावा आणि ती कमी पडली तर तसे म्हणा. त्याने चळवळीचे काही बिघडत नाही. नमस्कारासाठी उभ्या केलेल्या पात्राला लोक नमस्कार करतात आणि वाहिनी बदलतात.

आणि जी मुले आज अंधेरी-गोरेगावच्या सेटवर दिवे उचलतात, त्यांच्यातून उद्या लिहिणारे निघतील. त्यांनी आपल्या घराची गोष्ट लिहावी. आडनावासकट, भांडणासकट, बापाच्या भित्रेपणासकट आणि आईच्या अपुऱ्या इच्छेसकट लिहावी. राजकारण आत घालण्याची चिंता त्यांनी करू नये. ते घर खरे उतरले तर राजकारण त्यात असणारच. ते बाहेर ठेवायचे म्हटले तरच मोठी खटपट करावी लागेल.